बेळगाव पोलीस आयुक्तालय : पार्श्वभूमी

बेळगाव शहर आणि त्याला लागून असलेली ग्रामीण, काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी ही पोलीस स्थानके २०१४ मध्ये जिल्हा पोलिसांकडून काढून नव्या आयुक्तालयाला जोडली गेली. खानापूर, निपाणी, चिकोडी एस.पी. ऑफिसकडेच राहिली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याची जागा १९६३ च्या कर्नाटक कायद्याने घेतली. पोलीस पाटलासह वतनी (वंशपरंपरेने चालणारी) गावकामगार पदे कर्नाटकाने १९६१ च्या कायद्याने मोडीत काढली, तर महाराष्ट्राने १९६७ मध्ये नवा कायदा करून पोलीस पाटील ठेवला. त्यामुळे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत पोलीस पाटील आहे आणि हद्द ओलांडून बेळगावकडे आले की नाही.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रार प्राधिकरण नेमा, राजकीय दडपणाला आळा घाला, असा त्यांचा रोख होता. कर्नाटकाने २०१२ मध्ये कायदा दुरुस्त केला. आयुक्तालय मात्र या सातांत कुठेच नाही. तरीही इथे 'सुधारणा' म्हटले की लोकांना आयुक्तालयच आठवते. येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेला फलक हटवणे आणि तिथला लाठीमार जुलै २०१४ मधला, म्हणून काहीजण त्यातच आयुक्तालयाचे कारण शोधतात. साल एक आहे एवढ्यावर मी ते मान्य करणार नाही. वाढते शहर आणि हलगा-बस्तवाडच्या सुवर्णसौधात भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, ही कारणे जास्त पटणारी आहेत.

खरा वाद अधिकाराचा आहे. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश महसूल अधिकारी काढतो आणि बंदोबस्त पोलीस लावतात. महसूल खाते काही आपल्या मराठी माणसांच्या बाजूचे होते असे नाही, पण कागदावर तरी दोन टेबले होती. आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्ताला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. परवानगी नाकारणारा आणि लाठी घेऊन उभा राहणारा एकाच खात्यातला. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे काळ्या दिनाच्या, सायकल फेरीचा अर्ज घेऊन महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते कमिशनर ऑफिसच्या पायऱ्या चढतात आणि उत्तराची वाट बघतात. डिसेंबर २०२२ मध्ये टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर, अधिवेशनाला विरोध म्हणून भरणारा समितीचा महामेळावा होऊ दिला गेला नाही.

तडीपारीचेही तसेच. नोटिशीत शब्द येतो 'गडीपारू'. कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा. आपल्याकडे गडी म्हणजे कामाचा माणूस. सीमाभागातल्या माणसाला सीमेपार करायचे म्हणजे नेमके कुठे, हा इथला जुना विनोद.

१ जुलै २०२४ पासून जमावबंदीचे १४४ कलम जाऊन नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ आले. आदेशात तो आकडा बदलला. चौकात मात्र अजून 'एकशे चव्वेचाळीस लागलंय' असेच ऐकू येते.