जेराल्डची आयर्लंडवरची दोन पुस्तकं: एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवू नका

‘जेराल्ड ऑफ वेल्सनं आयर्लंडवरची नॉर्मन चढाई डोळ्यांनी पाहून लिहिली’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून वीट आला आहे. वेल्समधल्या ब्रेकनच्या या आर्चडीकननं, म्हणजे बाराव्या शतकातल्या चर्चच्या अधिकाऱ्यानं, आयर्लंडवर दोन लॅटिन पुस्तकं लिहिली आणि दोन्हींतले उतारे सर्रास एकाच गोणीत भरले जातात.

‘टोपोग्राफिया हिबर्निका’ (सुमारे ११८८) बहुतेकांना माहीत असते: साप नसलेला देश, तिथल्या ऑसरी प्रांतातली लांडगा-माणसं, शेतीऐवजी गुरांवर जगणारे ‘रानटी’ आयरिश. त्यातच आयरिश वादकांच्या वीणावादनाची मनापासून केलेली स्तुतीही आहे, ती विसरून चालणार नाही. हे पुस्तक इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीला अर्पण केलेलं होतं.

‘एक्स्पुग्नातिओ हिबर्निका’ (सुमारे ११८९) हा चढाईचा इतिहास. घोळ होतो तो इथेच. वेल्समधले नॉर्मन सरदार ११६९ मध्ये आयर्लंडात उतरले. जेराल्ड तिथं पहिल्यांदा गेला ११८३ मध्ये. मग सुरुवातीच्या लढाया त्याला सांगितल्या कुणी? त्या लढणाऱ्यांत त्याचे मामा रॉबर्ट फिट्झस्टीफन आणि मॉरिस फिट्झजेराल्ड होते. म्हणजे ही घराण्याची बखर आहे. त्यातले वीर कोण आणि ज्यांच्यामुळे श्रेय हुकलं ते कोण, हे नात्यावरून ठरतं. सेनापतींच्या तोंडची लांबलचक भाषणं तर त्यानं रोमन इतिहासकारांच्या थाटात रचलेली आहेत. ती ऐतिहासिक पुरावा म्हणून छापणं मला अक्षम्य वाटतं.

शेवटाकडचा भाग मात्र निराळा. ११८५ मध्ये हेन्रीचा मुलगा राजपुत्र जॉनबरोबर जेराल्ड स्वतः गेला होता. वॉटरफर्डला भेटायला आलेल्या आयरिश सरदारांच्या दाढ्या जॉनच्या माणसांनी ओढल्या, निष्ठावंत आयरिशांच्या जमिनी काढून नव्या मंडळींना दिल्या आणि ते सरदार उलटले, हे त्यानं इथं नोंदवलं आहे. अर्थात यातही जुन्या नॉर्मन सरदारांचा, म्हणजे त्याच्या नातेवाइकांचा, कैवार आहेच. पण आयरिशांच्या रागाला कारण होतं हे तो मान्य करतो, आणि ‘टोपोग्राफिया’वरून त्याची परीक्षा करणाऱ्यांना नेमकं हेच दिसत नाही.

पोप चौथ्या एड्रियनच्या नावाचं, हेन्रीला आयर्लंडात शिरायची मुभा देणारं पत्रही ‘एक्स्पुग्नातिओ’त उतरवलेलं आहे. ते ‘टोपोग्राफिया’त शोधू नका.