एअर इंडियाचं नवं-जुनं

२०१५-१६ या वर्षाच्या हिशेबात एअर इंडियाने १०५ कोटी रुपयांचा परिचालन नफा दाखवला. जवळजवळ दहा वर्षांच्या तोट्यानंतरचा हा पहिला नफा. अश्वनी लोहानी अध्यक्षपदावर ऑगस्ट २०१५ मध्ये आले होते, त्यामुळे श्रेय आपसूक त्यांच्या पदरात पडलं. त्यानंतर साडेपाच वर्षांत सरकारने ही कंपनी विकायचा सौदा पक्का केला. नागपूरजवळच्या मिहान या विमानतळ-उद्योग प्रकल्पात एअर इंडियाच्या नावाचा विमान दुरुस्तीचा मोठा हँगर उभा आहे. त्या भागातल्या पानठेल्यावर विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "नफ्यात होती म्हन्ता, त मंग इकली काऊन?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर लोहानींच्या कारकिर्दीत सापडत नाही.

कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला मात्र हा प्रकार फार समजावून सांगावा लागत नाही. मार्च उजाडला की निरोप येतो, खातं थकू देऊ नका, नवं-जुनं करून घ्या. मग कुणाकडून तरी दोन-चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, ते बँकेत भरून जुनं पीककर्ज नील करायचं, लगेच वाढीव नवं कर्ज उचलायचं आणि ज्याचे आणले त्याचे व्याजासकट परत करायचे. पासबुकात खातं नियमित दिसतं. घरात रुपयाही आलेला नसतो. हंगाम बरा गेला, बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं वजा जाऊन चार पैसे उरले, तरी ते जुन्या मुद्दलापर्यंत पोचत नाहीत. एअर इंडियाचे १०५ कोटी हे असे फवारणी-वेचणी वजा जाता उरलेले पैसे होते. कर्जावरचं व्याज धरून सगळा हिशेब मांडला तर त्याच वर्षीचा निव्वळ तोटा सुमारे ३,८०० कोटी होता.

हे कर्ज पूर्वापार नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराची ते मुंबई विमान उडवलं, तिथून ही कंपनी सुरू झाली. १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं, १९४८ मध्ये परदेशी उड्डाणांसाठी सरकारच्या भागीदारीत वेगळी कंपनी निघाली, आणि १९५३ मध्ये सगळ्याच विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे, देशांतर्गत इंडियन एअरलाइन्सकडे. जेआरडी अध्यक्ष राहिले, तेही बिनपगारी. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना बाजूला केलं, आणि बिघाड तिथूनच सुरू झाला असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण कंपनी ज्या कर्जात बुडाली ते त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने काढलेलं आहे.

या सगळ्या काळात विदर्भाचा संबंध आला तो रात्रीच्या टपालामुळे. जानेवारी १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर ठरलं, कारण देशाच्या नकाशावर मधोमध तेच होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर उतरायची. मग थैल्यांची अदलाबदल: मुंबईची कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. प्रवासीही तसेच विमान बदलायचे. आणि पहाटेपर्यंत चौघं आपापल्या गावी परत. संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. १९५३ नंतर ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि सत्तरच्या दशकात जेट विमानं थेट उडू लागली तेव्हा बंद पडली. चार विमानं, एक धावपट्टी, ठरलेली वेळ. यापेक्षा नेटकं नियोजन या दोन सरकारी कंपन्यांना नंतर फारसं जमलं नाही, असं माझं मत आहे.

१९९४ मध्ये कायदा बदलला, खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडलं आणि इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी संपली. एअर इंडियाकडे नवीन विमानं घ्यायची फाईल १९९६ पासून फिरत होती. २००१ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स मिळून हिस्सा घ्यायला पुढे आले होते, पण सिंगापूरने माघार घेतली आणि ते बारगळलं. म्हणजे जुनाट विमानं, वाढती स्पर्धा आणि रखडलेला निर्णय. इथपर्यंत कंपनी आजारी होती, कर्जबाजारी नव्हती.

२००४ मध्ये केंद्रात नवं सरकार आलं आणि नागरी विमान वाहतूक खातं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे गेलं. इथून सगळं झपाट्याने झालं. जानेवारी २००४ पर्यंत एअर इंडियाची योजना २८ विमानांची होती, ती वाढून ६८ वर गेली. इंडियन एअरलाइन्सची ४३ धरून एकूण १११ विमानं. कंपनीकडे स्वतःचं भांडवल जवळपास नव्हतंच, त्यामुळे खरेदी बहुतांश कर्जावर. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०११ च्या अहवालात यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. ३१ मार्च २०१० रोजी कंपनीच्या डोक्यावर ३८,४२३ कोटींचं कर्ज होतं आणि त्यातला मोठा भाग याच खरेदीचा होता.

त्यात २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं. कागदावर ते शहाणपणाचं दिसत होतं. प्रत्यक्षात दोन पगारश्रेण्या, दोन सेवाज्येष्ठतेच्या याद्या, वेगवेगळ्या संघटना आणि दोन जातींची विमानं एका छपराखाली आली. कुणाला कुठल्या पदावर बसवायचं हे सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलाइनर विमानांचं प्रशिक्षण कुणाच्या वैमानिकांना मिळणार यावरून संप झाला आणि तो ५८ दिवस चालला. विलीनीकरणाआधी दोन्ही कंपन्यांचा मिळून वार्षिक तोटा हजार कोटींच्या आत होता. २००८-०९ मध्ये तो ७,००० कोटींच्या पुढे गेला. २००८ मध्ये तेल भडकलं आणि जगभर मंदी आली, हेही खरं. पण तेल सगळ्यांनाच महाग होतं.

पटेलांबद्दल विदर्भात दोन तट आहेत आणि दोघांकडे दाखवायला काही ना काही आहे. बोइंगला दिलेल्या मागणीच्या बदल्यात त्या कंपनीने भारतात विमान दुरुस्ती केंद्र उभारायचं कबूल केलं, त्यासाठी १० कोटी डॉलर ठेवले, आणि ते केंद्र मिहानमध्ये आलं. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. दुसरीकडे २०१७ मध्ये सीबीआयने विमानखरेदी, भाडेकरार आणि विलीनीकरणाच्या व्यवहारांवर गुन्हे दाखल केले. भाडेकराराच्या प्रकरणात २०२४ मध्ये त्याच सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मिहानसाठी जमिनी गेलेल्या खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुहीच्या लोकांचा हिशेब आणखी तिसराच आहे, आणि शिवणगावच्या पुनर्वसनाचं भांडण तर वर्षानुवर्षं चाललं.

एप्रिल २०१२ मध्ये केंद्राने एअर इंडियासाठी ३०,२३१ कोटी भांडवल द्यायचं ठरवलं, टप्प्याटप्प्याने, २०२०-२१ पर्यंत. एवढी रक्कम ऐकून वाटावं की आता सुटली. पण येणारा पैसा जुनी देणी भागवण्यात जात होता आणि रोजच्या खर्चासाठी बँकांकडून पुन्हा उचल चालूच होती. उपायही त्याच वळणाचा: ड्रीमलाइनर विकायची आणि तीच भाड्याने घ्यायची, म्हणजे हातात रोकड येते. आधीच्या खरेदीतली पाच लांब पल्ल्याची बोइंग ७७७ विमानं, घेऊन फार वर्षं झाली नव्हती, अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीला विकून टाकली. पासबुक नियमित.

लोहानी आले ते अशा वेळी. रेल्वेच्या यांत्रिक विभागातले अधिकारी. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळ सावरल्याचं नाव त्यांच्यामागे होतं. त्यांना विमान वाहतुकीचा अनुभव नाही अशी कुजबुज झाली, पण माणूस बैठकांत अडकून राहणारा नव्हता. कामगारांशी बोलणं, विमानं वेळेवर सोडणं, जमिनीवर उभी राहिलेली विमानं हवेत आणणं, यावर त्यांचा भर होता. त्यांच्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. तरीही त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हातभार त्यांचा नव्हता. २०१४ च्या मध्यात पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आलं. ज्या धंद्यात इंधन हाच सगळ्यात मोठा खर्च, तिथे एवढ्यानेच परिचालनाचा हिशेब उलटा होतो.

आणि तोही पुरता उलटला का, यावर वाद आहे. मार्च २०१७ मध्ये कॅगने सांगितलं की नोंदी नियमाप्रमाणे केल्या असत्या तर १०५ कोटी नफ्याऐवजी ३२१ कोटींचा परिचालन तोटा दिसला असता. आधीच्या तीन वर्षांचा तोटाही ६,४१५ कोटींनी कमी दाखवल्याचं त्याच अहवालात आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये खतौलीच्या रेल्वे अपघातानंतर लोहानींना रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षपदी नेलं. २०१९ च्या सुरुवातीला ते एअर इंडियात परतले, तेव्हा कंपनी विकायची हे सरकारचं ठरलेलं होतं. २०१८-१९ चा निव्वळ तोटा साडेआठ हजार कोटींच्या पुढे होता.

विक्रीची कहाणी पाहिली की पानठेल्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला. २४ टक्के स्वतःकडे ठेवायचा आणि सुमारे ३३,००० कोटींचं कर्ज घेणाऱ्याच्या गळ्यात मारायचं, अशी अट. मुदत संपली, एकही बोली आली नाही. जानेवारी २०२० मध्ये पूर्ण १०० टक्के काढली, तरी कर्जाचा आकडा ठरवून दिलेलाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अट बदलली: किती कर्ज अंगावर घ्यायचं ते बोली लावणाऱ्यानेच सांगावं. एवढ्या एका बदलाने गाडी पुढे सरकली. ८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांची १८,००० कोटींची बोली मंजूर झाली. त्यातले १५,३०० कोटी म्हणजे कर्ज, रोख फक्त २,७०० कोटी. एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होतं. उरलेले ४६,२६२ कोटी आणि सुमारे १४,७०० कोटींच्या जमिनी-इमारती सरकारने एका वेगळ्या कंपनीकडे वळवल्या. म्हणजे फरक तुमच्या-माझ्या खिशातून.

आपल्याकडे शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली की शिस्त बिघडते, चुकीचा पायंडा पडतो, अशी ओरड होते. या ४६,२६२ कोटींवर ती ओरड झाली नाही. सरकारचा युक्तिवाद होता की कंपनी रोज २० कोटी खात होती, ते तरी थांबलं. युक्तिवाद चुकीचा नाही. फक्त तो शेतीलाही लावून पाहावा, एवढंच.

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांच्या ताब्यात गेली. मुख्य कार्यकारी म्हणून आधी तुर्की एअरलाइन्सचे माजी अध्यक्ष इल्कर आयजी यांचं नाव जाहीर झालं. वाद झाला आणि त्यांनी नकार दिला. मग सिंगापूर एअरलाइन्सच्या गटातले कॅम्पबेल विल्सन आले. पाच वर्षांचा आराखडा, फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी, नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीचं विलीनीकरण. २०२३-२४ चा तोटा सुमारे ४,४४४ कोटींवर आला, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. पण २०२४-२५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस या स्वस्त उड्डाणांच्या उपकंपनीचा तोटा वाढला आणि गट पुन्हा खाली गेला. त्यानंतर पाकिस्तानचं हवाई क्षेत्र बंद झाल्याने पश्चिमेकडची उड्डाणं लांबली, आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादेत लंडनला निघालेलं ड्रीमलाइनर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. या वेळी जुन्या कर्जाचं ओझं बरंचसं उतरलेलं होतं, मालक खासगी होता, नेतृत्व नवं होतं, आणि निव्वळ नफा तरीही आलेला नव्हता.

विदर्भाच्या वाट्याला आलेले दोन तुकडे मात्र या सौद्यात गेलेच नाहीत. मिहानचं दुरुस्ती केंद्र चालवणारी अभियांत्रिकी कंपनी सरकारकडे राहिली. अलायन्स एअर ही छोट्या शहरांना जोडणारी उपकंपनीही राहिली, आणि १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान तिनेच उडवलं. त्याच बेलोऱ्याला टाटांच्या एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. २००७ मध्ये सरकारने एकत्र आणलेल्या आणि २०२२ मध्ये वेगळ्या झालेल्या घरातले दोघे भाऊ आता अमरावतीच्या एकाच धावपट्टीवर.