मार्गदर्शक 'आपल्यातलाच' हवा?

विज्ञानात ज्यांची संख्या कमी, अशा गटांतल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच गटातला मार्गदर्शक लागतो, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते ऐकून कितीतरी चांगली माणसं मागे सरतात, याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठात १९५० ते १९५५ गणित शिकवणारे ली लॉर्च गोरे होते. त्यांच्या विद्यार्थिनी एटा फाल्कनर, ग्लोरिया ह्युइट आणि व्हिव्हियन मेलोन-मेज कृष्णवर्णीय. तिघींनीही पुढे गणितात पीएचडी मिळवली.

आपल्यासारखं कुणी समोर दिसलं की धीर येतो, हे खरंच. पण शेजारी बसून अर्जाचा मसुदा ओळ न् ओळ वाचणं, शिफारसपत्र मुदतीआधी पाठवणं, बैठकीनंतर 'तुला काही विचारायचं होतं ना?' असं आठवणीनं विचारणं कुणालाही जमतं. महिन्यातून एक तास ठरवून दिलात तरी सुरुवात होते.