सभाकंप : पियानोवादनातील

सभाकंप म्हणजे लोकांसमोर काही सादर करताना वाटणारी भीती आणि तिच्यापायी शरीरात होणारी उलथापालथ. मराठीत हा शब्द मुख्यतः वक्त्यांच्या संदर्भात येतो. भरसभेत न डगमगता उभा राहणारा तो सभाधीट. या नोंदीत पियानोवादकांच्या सभाकंपाचा आणि तो आटोक्यात ठेवण्याच्या रीतींचा विचार केला आहे.

छातीत धडधडणे, तोंडाला कोरड पडणे, पोटात गोळा येणे हे वक्त्यासारखेच. पियानोवादकाचा खरा त्रास हातापायांत असतो. बोटे गार पडतात, ताठरतात. तळव्यांना घाम सुटून पट्ट्या निसरड्या लागतात. खांदे नकळत वर चढतात, आणि पेडलवरचा उजवा पाय थरथरू लागला की स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बहुतेकांची लय वाढते, आणि वाढलेल्या लयीत अवघड जागा आणखी अवघड होतात.

कारणे : धोका जाणवला की अॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. पळायला किंवा झुंजायला ही तयारी चांगली, बोटांच्या नाजूक कामाला अडचणीची. तरीही ती सर्वस्वी वाईट नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामाला मदत करते आणि काम जितके अवघड तितकी ती मर्यादा लवकर येते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार पियानोवादकाला याहून उपयोगी आहे : इतरांच्या उपस्थितीत मुरलेले काम अधिक चांगले होते, अर्धवट शिकलेले अधिक बिघडते. म्हणजे काय वाजवायचे ही निवडच भीतीवरचा पहिला उपाय ठरते. मागच्या आठवड्यात जेमतेम बसलेली रचना या आठवड्यात लोकांपुढे नेणे हे धाडस नव्हे, ती चूक आहे. तिसरे कारण लक्षाचे. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवले, की दडपणाखाली माणूस आपल्याच हालचालींवर पहारा करू लागतो आणि सवयीने आपोआप होणारे काम त्यामुळे अडखळते. जिना उतरताना कुठला पाय पुढे टाकायचा याचा विचार करू लागल्यावर होते तसेच.

पियानोची म्हणून काही वेगळी कारणे आहेत. व्हायोलिनवादक आपले व्हायोलिन, तबलजी आपली जोडी घेऊन येतो; पियानोवादकाला सभागृहात जो पियानो असेल त्यावर वाजवावे लागते. पट्ट्यांचे वजन, पेडलची खोली, स्वराची चमक, सगळे अनोळखी. व्लादिमीर होरोविट्स किंवा क्रिस्टियान झिमरमान यांच्यासारखे आपला पियानो बरोबर नेणारे कलावंत अगदी थोडे. शिवाय श्रोते बाजूला बसलेले असतात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यांची शांतता मात्र ऐकू येते.

ही शांतता मराठी घरातल्या मुलांना विशेष जड जाते. आपल्याकडच्या मैफलीत श्रोते वाजवताना दाद देतात, शेजारी तबल्याची साथ असते, आणि एखादा स्वर अनपेक्षित लागला तर जाणता कलावंत त्यातूनच पुढची जागा काढतो. पियानोच्या कार्यक्रमात रचना आधीच स्वरन्‌स्वर लिहिलेली असते, अनेक श्रोत्यांना ती पाठ असते आणि ती पूर्ण संपेपर्यंत कोणी टाळीही वाजवत नाही. ही शांतता नापसंतीची नसून ऐकण्याची आहे, हे शिक्षकाने मुलाला पहिल्या कार्यक्रमाआधीच समजावून सांगायला हवे. प्रत्यक्षात ते फार क्वचित सांगितले जाते.

पाठांतराची रीत आणि तिचा इतिहास : पियानोवादकाच्या भीतीचा मोठा भाग ‘विसरलो तर’ या दोन शब्दांत मावतो. गंमत अशी, की समोर नोटेशन न ठेवता वाजवण्याची रीत फारशी जुनी नाही. क्लारा वीक (पुढे क्लारा शूमान) यांनी १८३७ मध्ये बर्लिनमध्ये पाठ वाजवले तेव्हा लेखिका बेटिना फोन आर्निम यांना तो उद्धटपणा वाटला होता. एकट्या पियानोवादकाने संपूर्ण कार्यक्रम करण्याची प्रथा फ्रान्झ लिस्ट यांनी १८३९-४० च्या सुमारास रूढ केली. पुढे ही दोन्ही धाडसे नियम बनली. पाठांतराचा पायंडा पाडणाऱ्या क्लारा शूमान यांनाच उत्तरायुष्यात स्मृती दगा देईल अशी धास्ती वाटू लागली. हा इतिहास माहीत असला की नोटेशन पाहून वाजवण्यात कमीपणा वाटत नाही. स्व्यातोस्लाव रिख्टर (१९१५–१९९७) उत्तरायुष्यात अंधाऱ्या सभागृहात फक्त नोटेशनवर एक छोटा दिवा ठेवून वाजवत. श्रोत्यांनी वादकाला नव्हे तर संगीताला पाहावे, ही त्यांची भूमिका.

भीतीने ग्रासलेले थोर वादक : फ्रेदेरिक शोपँ (१८१०–१८४९) यांनी आयुष्यभरात जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसेक. गर्दीच्या श्वासाने आपल्याला गुदमरायला होते, असे त्यांनी लिस्टना सांगितल्याची नोंद आहे. घरगुती बैठकीत, ओळखीच्या माणसांत मात्र ते तासन्‌तास वाजवत. होरोविट्स यांनी चार वेळा मंच सोडला. त्यांतला सर्वांत मोठा काळ १९५३ ते १९६५ असा बारा वर्षांचा होता. ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते परतले आणि बाख यांच्या, बुसोनी यांनी पियानोसाठी रूपांतरित केलेल्या रचनेच्या सुरुवातीलाच त्यांचे स्वर चुकले. ते थांबले नाहीत. पुढचा कार्यक्रम विसाव्या शतकातल्या गाजलेल्या पियानोवादनांत गणला जातो, आणि शिकणाऱ्याने त्यातले ते पहिले चुकलेले स्वरच आवर्जून ऐकावेत. ग्लेन गूल्ड यांनी १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्यानंतर ते फक्त ध्वनिमुद्रण करत राहिले. मार्था आर्हेरिच यांना मंचावर एकटेपणा खायला उठतो, म्हणून १९८० च्या दशकापासून त्या एकल कार्यक्रम जवळजवळ टाळतात. सहवादकांबरोबर त्या मोकळ्या असतात.

तयारी : घरी बिनचूक वाजणे आणि लोकांसमोर वाजणे या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. पहिली सगळे करतात, दुसरी राहून जाते.

पहिल्या तयारीत पाठांतर कशाचे केले याला महत्त्व आहे. केवळ हाताच्या सवयीने पाठ झालेली रचना साखळीसारखी असते; एक कडी निसटली की पुढचे काही आठवत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणून रचनेचा नकाशा डोक्यात हवा. मोट्सार्ट यांचा सी मेजर सोनाटा (के. ५४५; अनेक भागांची पियानोरचना) हजारो विद्यार्थी शिकतात. त्याच्या पहिल्या भागात मूळ कल्पना पुन्हा येते ती सी ऐवजी एफ मेजरमध्ये, म्हणजे वेगळा आधारस्वर धरून, आणि पुढचा जोडणारा भाग पहिल्या वेळेपेक्षा वेगळ्या वाटेने जातो. हे ज्याने समजून घेतले नाही त्याचा हात घाबरल्यावर जुन्याच वाटेला लागतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन आणि पियानोवादिका गाब्रिएला इम्रे यांनी बाखच्या इटालियन काँचेर्तोच्या अखेरच्या भागाचे पाठांतर टप्प्याटप्प्याने तपासले. अनुभवी वादक मनात खुणेच्या जागा रोवून ठेवतो आणि साखळी तुटली तर तिथून पुढे जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. घरी हे सहज करता येते : रचनेत आठ-दहा जागा ठरवाव्यात आणि कोणीही त्यांतली एक सांगितली की तिथून सुरुवात करावी. डावा हात एकटाच पाठ वाजवून पाहावा. इथे बहुतेकांचे पितळ उघडे पडते. पियानोपासून दूर, डोळे मिटून सगळी रचना मनात वाजवणे ही सर्वांत कठीण आणि सर्वांत खात्रीची परीक्षा.

पोर्तुगीज वादिका मारिया झुआऊँ पिरेश यांचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. अॅमस्टरडॅममध्ये रिकार्दो शायी यांच्या वाद्यवृंदाने मोट्सार्ट यांचा डी मायनर काँचेर्तो (एकल वादक व वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) सुरू केला आणि आपण वेगळ्याच काँचेर्तोची तयारी करून आलो आहोत हे पिरेशना तेव्हा कळले. वाद्यवृंदाची प्रस्तावना चालू असताना त्यांच्या चेहऱ्यावरची घालमेल चित्रफितीत स्पष्ट दिसते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पाठ वाजवले. ती रचना त्यांच्यात वर्षानुवर्षे मुरलेली होती.

दुसरी तयारी म्हणजे लोकांसमोर वाजवण्याचा रियाज. आधी घरातले एक माणूस, मग दोन-तीन शेजारी, मग ओळखीच्यांची छोटी बैठक. माणसे नसतील तर फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करावे. ते चालू आहे या जाणिवेनेच ठोके वाढतात. कार्यक्रमातलेच बूट घालून वाजवावे, कारण पेडल तळव्याला वेगळे लागते. दिवसातून एकदा, हात गरम न करता, रचना एका दमात वाजवावी. जिने चढून धापा टाकत बसून वाजवणे हाही चांगला सराव. या वाजवण्यात एकच नियम : चुकले तरी थांबायचे नाही, मागे जायचे नाही. घरी प्रत्येक चूक मागे जाऊन दुरुस्त करायची सवय लागलेली असते आणि मंचावर तीच सवय घात करते. दुरुस्तीचा सराव वेगळ्या वेळी करावा.

प्रत्यक्ष दिवशी शक्य असल्यास पियानोला आधी हात लावून पाहावा, बाकाची उंची जुळवावी, हात कोमट पाण्याने उबदार ठेवावेत. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. बसल्यावर घाईने सुरू न करता पहिली ओळ हव्या त्या लयीत मनात गाऊन घ्यावी. वाढत्या लयीला आवर घालण्याचा याहून सोपा उपाय नाही. ‘शांत हो’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आला आहे’ असे म्हटल्याने कामगिरी सुधारते, असे अॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत आढळले; त्यांत लोकांसमोर गाण्याचाही एक प्रयोग होता.

महाराष्ट्र आणि गोव्यात अनेकांचा पहिला श्रोता म्हणजे एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या संगीतपरीक्षा मंडळांचा परीक्षक. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना असतात आणि उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. म्हणजे गुणपत्रिकेत काही चुकांना जागा धरलेलीच आहे, हे मुलांना आकड्यांत दाखवले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. किनारपट्टीच्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून पावसाळ्यात वाजवणाऱ्याने अनोळखी पियानोची तयारी अधिक ठेवावी.

औषधे : ठोके आणि थरथर कमी करणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे काही व्यावसायिक वादक घेतात. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सप्रेनोलॉल घेतलेल्या तंतुवादकांचे वादन सुधारल्याचे दिसले. ही औषधे थरथर कमी करतात, पण कच्चे पाठांतर पक्के करत नाहीत. दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकतात, त्यामुळे मित्राकडून गोळी मागून घेण्याचा प्रकार टाळावा आणि डॉक्टरांना विचारावे. भीतीमुळे कोणी वाजवणेच सोडले असेल तर विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती उपयोगी पडते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात केवळ सादरीकरणापुरत्या सामाजिक भीतीची वेगळी नोंद आहे.