बुधाच्या ४३ विकला

सकाळच्या विरार-चर्चगेट लोकलमध्ये शेजारच्या काकांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ‘आइन्स्टाइन खोटा ठरला!’ २०११ सालीही हेच झालं होतं. प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही, असं आइन्स्टाइन सांगतो; पण सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेहून इटलीत गेलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले म्हणे. पुढे कळलं, प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती.

पण काकांचा प्रश्न रास्त होता. “निरीक्षण जुळत नाही ना? मग टाका की तो सिद्धांत!”

युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गुरुत्वाच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल वेरिए या खगोलशास्त्रज्ञानं न्यूटनला हात लावला नाही. पलीकडचा एखादा ग्रह युरेनसला ओढत असेल, असं धरून त्यानं हिशेब मांडला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या जागेपासून अंशभराच्या आत नेपच्यून सापडला.

आता माझा लाडका बुध. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार, फेरी ८८ दिवसांची. कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू एका जागी राहत नाही. अख्खी कक्षाच हळूहळू वळते आणि रांगोळीतल्या फुलासारख्या पाकळ्या काढत जाते. शुक्र, गुरू, पृथ्वी यांच्या ओढीनं ती शतकाला सुमारे ५३२ विकला वळायला हवी. वळते ५७५. एका अंशात ३६०० विकला, म्हणजे उरलेल्या ४३ विकलांनी एक अंश भरायला आठ हजारांवर वर्षं लागतील! तरी हिशेबात बाकी ती बाकीच. १८५९ साली ल वेरिएला ती ३८ दिसली होती. पुढे न्यूकम या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं ४३ पर्यंत नेली. (बुध वक्री झाला म्हणून फोन बिघडला म्हणणाऱ्यांना या खऱ्या गडबडीचा पत्ताच नसतो. वक्री होणं हा पृथ्वीवरून दिसणारा निव्वळ भास.)

ल वेरिएनं पुन्हा तेच औषध काढलं: सूर्याजवळचा एक न दिसलेला ग्रह, व्हल्कन. काहींनी तो पाहिल्याचंही सांगितलं. पण व्हल्कन नव्हताच. तरीही पन्नासेक वर्षं न्यूटन गादीवरच होता, कारण हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागणार? नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या नव्या सिद्धांताच्या समीकरणांतून नवा ग्रह न मानता ४३ विकला निघाल्या, आणि गुरुत्व क्षीण असतं तिथे तीच समीकरणं न्यूटनचंच उत्तर देत होती. तेव्हा कुठे गादी हलली.

सध्या दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानानं फारच वेगात फिरताना आढळतात, म्हणून कृष्णद्रव्य (डार्क मॅटर), म्हणजे न दिसणारं पण ओढणारं द्रव्य, मानलं आहे. ते नेपच्यून निघेल की व्हल्कन? हे काकांना विचारेपर्यंत दादर आलं, आणि ते दाराकडच्या गर्दीत घुसले.