टेरोडॅक्टिलस: सांगाडा हाती आला, पंख ओळखायचे राहिले

बव्हेरियातल्या सोल्नहोफेन परिसरात सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, खाऱ्या पाण्याची खाजणं होती. तळाशी प्राणवायू जवळपास नसल्याने बुडालेलं शव कुरतडायला कोणी फिरकत नसे आणि चुन्याच्या बारीक गाळात हाडं जागच्या जागी राहत. याच चुनखडकातून अठराव्या शतकात टेरोडॅक्टिलस या नामशेष झालेल्या, उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला सांगाडा निघाला. लांब जबडे, त्यांत दातांची रांग, वाकलेली मान आणि हाताचं एक बोट इतर बोटांच्या कित्येक पट लांब, हे सगळं त्या दगडात स्पष्ट दिसत होतं. तरीही हा प्राणी उडत होता हे अभ्यासकांच्या गळी उतरायला जवळपास अर्धं शतक गेलं. पुराव्यात काही कमी नव्हतं. तो कुठल्या चौकटीत बसवायचा, तिथे गाडं अडलं होतं.

मानहाइमच्या राजसंग्रहाचे प्रमुख कोसिमो कोलिनी, जे एके काळी फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरचे चिटणीस होते, यांनी १७८४ मध्ये या सांगाड्याचं वर्णन छापलं. हा पक्षी नव्हे आणि वटवाघूळही नव्हे, हे त्यांनी हाडं ताडून ठरवलं. मग उरला समुद्र: हा कुठला तरी सागरी प्राणी असावा, असं त्यांना वाटलं. प्राण्याची एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होते, ही कल्पना तेव्हा रुजलेलीच नव्हती. अनोळखी हाडांचा धनी कुठेतरी जिवंत असणार, असंच मानलं जाई. आणि माणसाने न पाहिलेलं सर्वांत मोठं जग खोल पाण्यातच होतं. कोलिनींना आज चुकीचं ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. हाताशी असलेल्या ज्ञानाशी त्यांचा तर्क प्रामाणिक होता, आणि त्यांनी छापलेलं चित्र इतकं काटेकोर होतं की पुढची चर्चा त्याच्याच आधारावर चालली.

१८०० मध्ये स्ट्रासबर्गचे जाँ एर्मान यांनी पॅरिसला शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांना पत्र धाडलं आणि सोबत प्राण्याचं काल्पनिक चित्र जोडलं. त्यात लांब बोटापासून मागच्या पायापर्यंत ताणलेला पडदा होता, अंगावर लव होती. एर्मान यांच्या मते हा सस्तन प्राणी. क्यूव्हिए यांना पडदा पटला, सस्तनपण पटलं नाही. साधे, एकसारखे दात आणि कवटीची रचना सरपटणाऱ्या प्राण्यांकडे बोट दाखवत होती. १८०१ मध्ये त्यांनी हा उडणारा सरपटणारा प्राणी असल्याचं मांडलं आणि १८०९ मध्ये त्याला नाव दिलं. हे धाडस त्यांना जमलं यामागे एक कारण दिसतं. मॅमथ ही हत्तीची नामशेष झालेली वेगळी जात आहे, हे त्यांनीच १७९६ मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे आज न दिसणारा प्राणी कुठेतरी दडवून ठेवण्याची त्यांना गरज पडली नाही.

वाद मात्र मिटला नाही. १८१२ मध्ये म्युनिकच्या झोमरिंग यांनी त्याला वटवाघळासारखा सस्तन प्राणी ठरवलं, तर १८३० मध्ये योहान वाग्लर यांनी त्या लांब बोटाचं वल्हं करून त्याला पुन्हा पाण्यात सोडलं. दरम्यान शिळाछापाचा, म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र काढून त्यावरून छपाई करण्याचा, शोध लागल्याने सोल्नहोफेनच्या दगडाला मागणी वाढली. तिथल्या फरश्या हाताने एकेक सोडवल्या जात. कामगारांची नजर प्रत्येक थरावरून फिरे, म्हणूनच इतके नाजूक सांगाडे वाचले. इंग्लंडमध्ये लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर १८२८ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना वेगळ्या जातीचा टेरोसॉर (टेरोडॅक्टिलसच्या गटातला उडणारा सरपटणारा प्राणी) सापडला. जर्मनीबाहेर मिळालेला हा पहिला सांगाडा.

अंगावरच्या लवेचा प्रश्न फार रेंगाळला. १८३१ मध्ये जर्मन जीवाश्मतज्ज्ञ गोल्डफुस यांनी सोल्नहोफेनच्याच एका टेरोसॉरच्या नमुन्यावर केसांसारख्या खुणा पाहिल्याचं लिहिलं, पण त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. १९७१ मध्ये रशियन जीवाश्मतज्ज्ञ शारोव्ह यांनी कझाकस्तानातला दाट लव असलेला सॉर्डेस नावाचा टेरोसॉर प्रसिद्ध केला आणि शंकेला फारशी जागा उरली नाही. अलीकडे चीन आणि ब्राझीलच्या नमुन्यांत फाटे फुटलेले तंतूही वर्णिले गेले आहेत. त्यांचं आणि पक्ष्यांच्या पिसांचं मूळ एकच का, यावर जीवाश्मतज्ज्ञांत अजून एकमत नाही.