वॉर्निंग म्हणजे किरकोळ, हा गैरसमज काढून टाका

दर पावसाळ्यात कोल्हापुरात हेच ऐकतोय, "नुसती वॉर्निंग आहे, अलर्ट आला की सामान हलवू". उलटं आहे ओ! हवामान खात्याच्या तक्त्यात यलो म्हणजे वॉच, लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे अलर्ट, तयारीत राहा, आणि रेड म्हणजे वॉर्निंग, आता हालचाल करा, म्हणजे वॉर्निंग सगळ्यात वरची, पण आपण सगळे रेड अलर्टच म्हणतो ना.

मला वाटतं खरा घोळ नदीमुळं होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, इंग्रजीत तीच वॉर्निंग लेव्हल, आणि ४३ ला धोका, डेंजर. तिथं वॉर्निंग खालची पायरी, म्हणून पावसाचीही खालचीच वाटते. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, जनावरं सोडवायलाही वेळ लागतो, ३९ ऐकलं की दावी सोडायला घ्या.